निवेदकाचा आवाज बंद केला की

आशियावरचे शैक्षणिक व्हिडिओ डोळे मिटून ऐकले तरी ओळखू येतात. आधी बासरी, मग लांबून घुमणारी घंटा, आणि मग निवेदक. आवाज भारदस्त, कुठेही न अडखळणारा. हजारो वर्षांची परंपरा, गूढ भूमी, काळाच्या ओघात हरवलेलं वैभव. डोळे उघडावेत तर धुक्यातले डोंगर, लाल कंदील, भगव्या वस्त्रातला भिक्खू आणि भातखाचरातून पाठमोरी चालत जाणारी, शंकूसारखी टोपी घातलेली बाई. देश चीन असो, व्हिएतनाम असो की थायलंड, पहिलं अर्धं मिनिट तेच ते.

मी सहावी ते आठवीच्या मुलांना इतिहास-भूगोल शिकवते. हे वय मला फार आवडतं. गोष्टीतला राजा खरंच होऊन गेला का, असं विचारण्याइतकी समज आलेली असते आणि असं विचारलं तर बाकीचे हसतील ही भीती अजून पुरती बसलेली नसते. नेमक्या या वयात आशिया नावाचं एवढं मोठं प्रकरण त्यांच्यासमोर येतं. जगातली सुमारे ३० टक्के जमीन, जगातली सुमारे ६० टक्के माणसं, आणि पुस्तकात त्यासाठी मोजकी पानं. मग व्हिडिओ लागतोच. मॉन्सून कसा सरकतो, गोबीत वारा कसा सुटतो, सोलमध्ये सकाळी कामावर जाणारी गर्दी कशी दिसते, हे फळ्यावर काढून दाखवता येत नाही. वर्गात पडदा नकोच म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण इतकी वर्षं हे तास घेतल्यावर एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झाली आहे. व्हिडिओतलं चित्र मुलांना बोलतं करतं आणि निवेदक बहुतेक वेळा त्यांना गप्प करतो. म्हणून कुठलाही व्हिडिओ पहिल्यांदा दाखवताना मी आवाज बंद ठेवते.

सुरुवात बहुधा कंबोडियातल्या तोनले साप सरोवरापासून करते. या सरोवरातून त्याच नावाची नदी निघते आणि नोम पेन्हजवळ मेकाँगला मिळते. वर्षातले काही महिने ती सरळ वाहते आणि पावसाळ्यात उलटी. मी हे आधी सांगत नाही. एकाच धक्क्यावरून घेतलेली दोन छोटी दृश्यं दाखवते, एक कोरड्या ऋतूतलं, एक पावसाळ्यातलं. दोन्हींत होड्या आहेत, माणसं चढताहेत, उतरताहेत, पाण्यावरून जलपर्णीचे पुंजके वाहताहेत.

एकदा दुसरं दृश्य संपायच्या आत मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, हा व्हिडिओ उलटा लागलाय. आरशातल्यासारखा."

"कशावरून?"

"मगाशी ती झाडं डावीकडे चालली होती. आता उजवीकडे चाललीत."

पहिल्या बाकावरची मुलगी वळून म्हणाली, "आरशातला असता तर पाटीवरची अक्षरंसुद्धा उलटी झाली असती. मगाशीची पाटी आणि ही सारखीच आहे." तिला ख्मेर लिपीतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तरी तिनं पाटी पाहून ठेवली होती. मी दोन्ही दृश्यं थांबवून शेजारी शेजारी लावली. पाटी तीच, धक्का तोच, पाण्याची दिशा वेगळी. मग वर्गात जी चर्चा पेटली ती आवरायला घंटा व्हावी लागली. कुणी भरती-ओहोटी म्हणालं. कुणी धरण म्हणालं. कुणी विचारलं, "पाऊस नदीवर पडला की सरोवरावर?" आणि हा प्रश्न उत्तराच्या अगदी जवळचा होता.

मेकाँगला पावसाळ्यात एवढा पूर येतो की तिच्या पाण्याची पातळी सरोवराच्या वर जाते. पाणी उताराकडेच जाणार, आणि या दिवसांत उतार सरोवराच्या दिशेनं असतो. कोरड्या ऋतूत सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचं हे सरोवर पावसाळ्याच्या शेवटी पाच-सहा पट पसरतं. भोवतालची जंगलं पाण्यात उभी राहतात, मासे त्यांच्या मुळांपाशी वाढतात, आणि मेकाँग उतरू लागली की पाणी मासे घेऊन परत फिरतं. नोव्हेंबरच्या सुमाराला नोम पेन्हमध्ये होड्यांच्या शर्यतींचा मोठा सण होतो तो या वळणावर.

हे सगळं झाल्यावर मी निवेदकाचा आवाज सुरू केला. तो म्हणाला, हा निसर्गाचा चमत्कार आहे. मुलं नाराज झाली. "चमत्कार कसला? मेकाँग भरली ना!" निवेदकाशी वाद घालायला जमलेला वर्ग हा मला त्या तासाचा सगळ्यात मोठा लाभ वाटतो. आधी आवाज ऐकवला असता तर 'चमत्कार' असं वहीत लिहून सगळे पुढच्या पानावर गेले असते.

या सरोवरावरून ख्मेर राजांच्या जुन्या राजधानीला, अंगकोरला, जाणं सोपं होतं, कारण अंगकोर त्याच्याच उत्तरेला आहे. एवढ्या मोठ्या शहराला अन्न कुठून मिळत होतं, हे मुलांना आता विचारावं लागत नाही. तिथल्या बायोन देवळाच्या भिंतीवरचं मासळीचं आणि बाजाराचं कोरीवकाम दाखवलं की ती स्वतःच सांगतात. मग मी लायडारचा व्हिडिओ लावते. २०१२ मध्ये हेलिकॉप्टरमधून लेझरचे झोत सोडून या भागाची पाहणी झाली, २०१५ मध्ये आणखी मोठा टापू घेतला. पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचून परत आलेले झोत मोजायचे आणि त्यावरून जमिनीचा उंचसखलपणा काढायचा. पडद्यावर झाडी विरत जाते आणि खाली चौकोनी वस्त्या, तळी, सरळ रेषेतले रस्ते, बांध उमटतात. संगणकावर केलेल्या चित्रांपैकी जी मला मनापासून आवडतात त्यांत हे पहिलं. यात काही कल्पनेनं भरलेलं नाही, जे मोजलं तेच दिसतं.

पण याच व्हिडिओत निवेदक सांगतो की अंगकोर वाट शतकानुशतकं जंगलात हरवलं होतं आणि १८६० मध्ये एका फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञानं ते शोधून काढलं. आँरी मुओ तिथं गेला हे खरं, त्याच्या लेखनामुळे युरोपात अंगकोरचा बोलबाला झाला हेही खरं. हरवल्याचं मात्र खरं नाही. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्यानं बांधलेलं हे विष्णूचं देऊळ पुढे बौद्धांचं झालं आणि तिथली पूजा कधी पुरती थांबली नाही. मी मुलांना फळ्यावर एक लांब रेघ काढायला लावते. १२९६ मध्ये चीनचा वकिलातीतला चौ ताक्वान अंगकोरला पोचला, जवळजवळ वर्षभर राहिला आणि इथला व्यापार बायका सांभाळतात असं लिहून गेला. १५८६ मध्ये एक पोर्तुगीज धर्मगुरू आला. १६३२ मध्ये उकोंदायु काझुफुसा नावाचा जपानी यात्रेकरू आला, त्यानं आईवडिलांच्या पुण्यासाठी बुद्धमूर्ती वाहिल्या आणि तसं देवळाच्या खांबावर लिहून ठेवलं. ते लिखाण अजून तिथं आहे. ही नावं रेघेवर चढली आणि शेवटी १८६० आलं की कुणीतरी विचारतंच, "मग त्यानं नक्की काय शोधलं?"

अकराव्या-बाराव्या वर्षी हा प्रश्न पडला की मूल पुढे प्रत्येक 'शोधा'कडे जरा निरखून पाहतं. मला आशिया शिकवायचा आहे तो अशा नजरेसाठी. त्या तासाला देशांच्या राजधान्या पाठ झाल्या नाहीत तरी मला चालतं.

निवेदकच नसलेले व्हिडिओही आहेत आणि ते शाळांत फार कमी वापरले जातात. अरल समुद्राची उपग्रहांनी टिपलेली वर्षावर्षाची चित्रं एकामागून एक लावली की छोटी चित्रफीत तयार होते. १९६० मध्ये क्षेत्रफळानं जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर होतं हे, सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटर. सोव्हिएत काळात कापसासाठी अमुदर्या आणि सिरदर्या या दोन नद्यांचं पाणी कालव्यांनी वळवलं आणि सरोवर आटत गेलं. चित्रांत निळा रंग कडेनं मागे सरतो, मधे एक बेट वाढत वाढत किनाऱ्याला भिडतं, २०१४ मध्ये पूर्वेकडचा भाग पूर्ण कोरडा पडतो. मुलं एकही शब्द न बोलता बघतात. नंतर 'पाणी कुठे गेलं' हे शोधायला मी नकाशा देते आणि ती बोटानं नदीवरून वर वर जात शेतांपर्यंत पोचतात.

अरलवरचे निवेदनवाले व्हिडिओ बहुतेक वाळूत रुतलेल्या गंजक्या जहाजांवर संपतात. उझबेकिस्तानातल्या मुयनाकमधली ती जहाजं अस्सल आहेत, त्यांच्याकडे बघून पोटात तुटतं. पण गोष्ट तिथं संपत नाही. कझाकस्ताननं उत्तरेकडचा लहान भाग वेगळा राखायला कोकअरल बांध घातला. २००५ मध्ये तो पुरा झाला, पाणी चढलं, खारटपणा उतरला, मासे आले, मासेमारी पुन्हा सुरू झाली. उपग्रहाच्या चित्रांत हे सगळं दिसतं, वरच्या कोपऱ्यात निळा रंग टिकून राहतो. निवेदकाला शोकांतिका हवी असते म्हणून तो कोपरा चौकटीबाहेर जातो. आमच्या वर्गात तो दाखवला एका विद्यार्थिनीनं, पडद्यापाशी जाऊन बोट ठेवून. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

व्हिडिओ किती लांब असावा याचा हिशेब अनेक जण विचारतात. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात सहा मिनिटांच्या पुढे बघणाऱ्यांचं लक्ष टिकत नाही असं आढळलं होतं. ते विद्यार्थी मोठे होते आणि एकेकटे बघत होते. शिक्षक समोर उभा असलेल्या वर्गाला ते माप जसंच्या तसं लागू करू नये. मला तर सहा मिनिटंही पुष्कळ वाटतात. दोन मिनिटांचं दृश्य दोनदा बघायला आणि त्यावर भांडायला अख्खा तास अपुरा पडतो. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी माध्यमांतून शिकण्यावर केलेल्या कामातली एक गोष्ट मात्र वर्गात रोज पटते. आकर्षक पण बिनकामाचं चित्र, संगीत, किस्सा घातला की मूळ मुद्दा कमी लक्षात राहतो. ती बासरी आणि ती घंटा आठवा.

आवाज बंद ठेवण्याचा माझा आग्रह सगळीकडे चालत नाही, आणि चालू नये. कोरियन लिपी हंगुल शिकवताना आवाजच हवा. राजा सेजोंगनं ही लिपी १४४३ मध्ये सिद्ध केली आणि १४४६ मध्ये लोकांपुढे ठेवली. तिची मूळ व्यंजनं उच्चाराच्या वेळी तोंडात जे घडतं त्यावर बेतलेली आहेत. 'न'चं चिन्ह म्हणजे वरच्या हिरडीला टेकलेली जीभ, 'म'चं चिन्ह म्हणजे मिटलेल्या ओठांचं तोंड. व्हिडिओत चेहऱ्याचा उभा छेद दिसतो आणि आवाज येतो. वर्गातली सगळी मुलं एकाच वेळी न-न-न म्हणत स्वतःची जीभ कुठं टेकते ते तपासू लागतात. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य हे आपल्या वर्णमालेतले कप्पे ज्यांनी फक्त पाठ केले होते त्यांना ते त्या दिवशी तोंडात सापडतात.

कोरियाचाच दुसरा व्हिडिओ असा आहे, जो दाखवायच्या आधी मी दर वर्षी पुन्हा एकटीनं बघते. ३० जून १९८३ ला केबीएस या दक्षिण कोरियाच्या सार्वजनिक वाहिनीनं कोरियन युद्धात ताटातूट झालेल्या नातेवाइकांचा शोध घेणारा कार्यक्रम सुरू केला. ठरला होता ९५ मिनिटांचा. लोकांची रीघ लागली आणि कार्यक्रम थांबवता येईना. १४ नोव्हेंबरपर्यंत, १३८ दिवसांत मिळून ४५३ तासांहून अधिक थेट प्रक्षेपण झालं. एक लाखाहून जास्त लोकांनी अर्ज केले, १० हजार १८९ कुटुंबांची भेट झाली. सोलमध्ये वाहिनीच्या इमारतीच्या भिंती हातानं लिहिलेल्या कागदांनी भरून गेल्या होत्या. हे सगळं चित्रण जतन केलेलं आहे आणि २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

इथं मी आवाज चालू ठेवते आणि सबटायटल्स बंद करते. पडदा दोन भागांत विभागलेला असतो. एकीकडे सोलच्या स्टुडिओतला माणूस, दुसरीकडे दुसऱ्या शहरातल्या केंद्रावरून जोडलेली बाई. दोघांच्या छातीवर पाट्या, त्यांवर नाव, गाव, जे काही आठवतं ते. दोघं एकमेकांना प्रश्न विचारतात. मुलांना कोरियन येत नाही. तरी पाच-सहा वाक्यांत वर्गातून कुजबुज येऊ लागते. "आईचं नाव विचारतोय." "नाही, गावाचं." "ती हाताला का हात लावतेय? काहीतरी खूण आहे." आणि मग पडद्यावरच्या बाईचा आवाज फुटतो आणि कुजबुज थांबते. नंतर सबटायटल्स लावून तोच भाग परत दाखवते. मुलांनी ओळखलेलं बरंचसं बरोबर निघतं. वडिलांचं नाव, गावाचं नाव, घराची जागा, लहानपणीचा व्रण. युद्धात हरवलेलं मूल तीस वर्षांनी ओळखायचं तर हेच विचारणार.

कोरियन युद्ध १९५० मध्ये सुरू झालं, २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली, हे वाक्य मी या व्हिडिओनंतर लिहून देते. आधी दिलं तर ते नुसतं एक वाक्य राहतं. मग ३८ व्या अक्षांशाची गोष्ट सांगते. ऑगस्ट १९४५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये दोन अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांना रात्री उशिरा सांगण्यात आलं की कोरियात आपला आणि सोव्हिएतांचा ताबा कुठं विभागायचा ते सुचवा. त्यांतले एक, डीन रस्क, पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. त्यांच्यापुढे नॅशनल जिओग्राफिकचा नकाशा होता. मी मुलांपुढे कोरियाचा कोरा नकाशा ठेवते आणि ३८ वा अक्षांश काढायला सांगते. पट्टीनं रेघ ओढायला काही सेकंद लागतात. रेघ कुठल्या नद्या तोडते, कुठली गावं दोन्हीकडे जातात, हे त्यानंतर बघायला लावते. १९८३ च्या कार्यक्रमात सापडले ते प्रामुख्यानं दक्षिणेतच विखुरलेले नातेवाईक. उत्तरेत राहिलेल्यांना भेटण्याची पहिली संधी काही मोजक्या कुटुंबांना १९८५ मध्ये मिळाली, मग २००० पासून अधूनमधून, शेवटची २०१८ मध्ये. "त्यानंतर?" असं मुलं विचारतात. त्यानंतर नाही.

या व्हिडिओच्या वेळी वर्गातलं कुठलं मूल कुठल्या घरातून आलंय हे शिक्षकाला ठाऊक हवं. ताटातूट हा कुणासाठी धडा असतो आणि कुणासाठी कालची रात्र. ज्याला बाहेर जावंसं वाटेल त्याला न विचारता जाता यावं, एवढी सोय मी आधीच करून ठेवते.

काय दाखवू नये, याबद्दल माझी मतं ठाम आहेत. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीची असंख्य चित्रणं उपलब्ध आहेत. इंडोनेशियातल्या अचेहमध्ये पाण्याबरोबर वाहत जाणारी माणसं दिसतात अशीही आहेत. ती मी दाखवत नाही. मुलांना मृत्यू बघायला लावून भूगोल शिकवता येत नाही. समुद्र अचानक मागे जातो, किनाऱ्यावरचे लोक कुतूहलानं पुढे जातात, तेवढाच भाग दाखवते आणि थांबवते. त्या दिवशी थायलंडमधल्या फुकेतच्या किनाऱ्यावर टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची इंग्लिश मुलगी होती. पाणी फेसाळून विचित्र वागतंय हे पाहून तिला दोनच आठवड्यांपूर्वीचा भूगोलाचा तास आठवला. त्यात त्सुनामी शिकवताना शिक्षकांनी हवाईतल्या लाटेचं चित्रण दाखवलं होतं. तिनं आईवडिलांकडे हट्ट धरला आणि किनारा रिकामा झाला. शिक्षकांच्या बैठकीत व्हिडिओचा उपयोग काय असं कुणी विचारलं की मला हीच गोष्ट सांगाविशी वाटते.

तिच्याबरोबर सिमेउलुए बेटाचीही सांगावी लागते. भूकंपाच्या केंद्राजवळचं इंडोनेशियाचं हे बेट. तिथं १९०७ मध्ये मोठी लाट आली होती आणि तिची आठवण 'स्मोंग' या नावानं गाण्यांतून, आजीच्या गोष्टींतून राहिली. जमीन हलली, समुद्र मागे गेला, की डोंगराकडे पळा. २००४ मध्ये बेटावरच्या सुमारे ७८ हजार लोकांपैकी मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके झाले. पडदा नव्हता, प्रोजेक्टर नव्हता. आशिया शिकवताना हे विसरून चालत नाही की आपण ज्या लोकांबद्दल व्हिडिओ दाखवतो त्यांच्याकडे शिकवायच्या स्वतःच्या रीती आहेत.

कधी कधी व्हिडिओपेक्षा एक स्थिर फोटो जास्त बोलतो. चिनी दर्यासारंग चेंग ह याच्या सागरी मोहिमांवर चकाचक अ‍ॅनिमेशन आहेत. १४०५ ते १४३३ या काळात मिंग सम्राटांच्या वतीनं सात मोहिमा निघाल्या, पूर्व आफ्रिकेपर्यंत पोचल्या. अ‍ॅनिमेशनमध्ये त्याचं अवाढव्य जहाज कोलंबसच्या जहाजाशेजारी उभं करतात आणि कोलंबसचं जहाज होडीसारखं दिसतं. मुलं थक्क होतात. पण जहाजाची ती लांबी पुढे फार उशिरा पुऱ्या झालेल्या मिंग राजवटीच्या इतिहासातल्या आकड्यांवरून आलेली आहे आणि लाकडी जहाज एवढं मोठं असू शकतं का यावर अभ्यासकांचं एकमत नाही. अ‍ॅनिमेशनमध्ये एकमत नसल्याचं दाखवायची सोयच नसते, तिथं प्रत्येक फळी ठोकून बसवलेली.

म्हणून मी अ‍ॅनिमेशन थांबवते आणि श्रीलंकेतल्या गॉल इथं १९११ मध्ये सापडलेल्या शिलालेखाचा फोटो लावते. चेंग हच्या ताफ्यानं आणलेला, १४०९ या वर्षाचा. एकाच दगडावर चिनी, तमिळ आणि पर्शियन अशा तीन भाषांतला मजकूर. चिनी मजकुरात बुद्धाला अर्पण केलेल्या वस्तूंची यादी आहे, तमिळमध्ये तेनवरैच्या विष्णूला, पर्शियनमध्ये अल्लाला. सोनं, चांदी, रेशीम, सुगंधी तेल. मुलांना मी तीन गट करून तिन्ही मजकुरांचे सोपे गोषवारे देते, एकमेकांचे न दाखवता. मग प्रत्येक गट उठून सांगतो की हा दगड कुणाच्या देवासाठी आहे. तिन्ही गट आपलंच खरं म्हणून भांडतात. फोटो पुन्हा मोठा करून तीन लिप्या दाखवल्या की जो गलका होतो तो मला कुठल्याही व्हिडिओनं अजून मिळवून दिलेला नाही.

वर्षाच्या शेवटी मुलांना निवेदक व्हायला मिळतं. अरलची तीच मूक चित्रफीत, दोन मिनिटांची. प्रत्येक गटानं तिला आपलं निवेदन लिहायचं आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचं. अट एवढीच की जे बोलाल ते कुठं दिसतं किंवा कुठून कळलं ते सांगता आलं पाहिजे. एका गटानं सुरुवात केली, "माणसाच्या हावेनं एक समुद्र मारला." दुसऱ्या गटानं केली, "या नद्यांच्या काठी लाखो लोकांचं पोट कापसावर होतं." चित्र तेच. ऐकताना पहिल्या गटातली एक मुलगी म्हणाली, "आमचं ऐकायला जास्त भारी वाटतं." आणि थोड्या वेळानं, "पण हाव कुणाची ते आम्ही लिहिलंच नाही." तिनं ते वाक्य खोडलं आणि नवीन लिहायला तासभर घेतला. मॉस्कोत घेतलेले निर्णय, कालव्यांतून झिरपून वाया जाणारं पाणी, शेतात राबणारी माणसं, यांतलं काय आधी सांगायचं यावर त्या गटात अबोला धरण्यापर्यंत मजल गेली.

पश्चिम आशियाच्या बाबतीत मात्र माझी पंचाईत होते. पूर्व आणि आग्नेय आशियाबद्दल निदान धुकं आणि कंदील तरी मिळतात. इराण, इराक, येमेन, सीरिया म्हटलं की शोधात पहिल्या पानभर येतात ते स्फोट, रणगाडे आणि तेलविहिरी. मुलांनी घरी बातम्यांत तेच पाहिलेलं असतं, वर्गातही तेच दाखवलं तर त्यांच्या डोक्यात तिथं राहायला कुणी उरतच नाही. मला मिळालेलं एक चांगलं दृश्य म्हणजे इराणमधल्या कनात नावाच्या जुन्या पाणीव्यवस्थेचं आकाशातून केलेलं चित्रण. वाळवंटात लांबवर एका ओळीत खड्डे दिसतात, प्रत्येकाभोवती मातीचं कडं. मुलं म्हणतात बॉम्ब पडलेत. मी आवाज बंदच ठेवते आणि खड्ड्यांच्या ओळीचा पाठलाग करायला सांगते. ओळ डोंगराच्या पायथ्याकडून येते आणि खाली जाऊन एका हिरव्या गावात संपते. मग कुणाला तरी सुचतं की खालून पाणी जात असेल. डोंगराच्या पोटातलं पाणी हलक्या उताराच्या भुयारातून, पंपाशिवाय, गावापर्यंत आणायची ही रीत दोन हजार वर्षांहून जुनी आहे, खड्डे म्हणजे भुयार खोदताना माती वर काढायची आणि आत हवा जाऊ द्यायची विवरं. २०१६ मध्ये यांतल्या निवडक कनातांना जागतिक वारसा स्थळ म्हणून मान्यता मिळाली.

असं दृश्य मला येमेनमधल्या शिबामचं हवंय, मातीच्या विटांच्या पाच-सहा मजली घरांचं, सकाळी तिथली मुलं शाळेला निघतानाचं. बगदादमधल्या पुस्तकांच्या बाजाराचं हवंय. समरकंदचं हवंय, पण निळ्या घुमटांमागच्या वस्तीतलं, जिथं कुणीतरी दोरीवर कपडे वाळत घालतंय. शिवाय कुणी तिथं राहणाऱ्यानं आपल्या हातानं घेतलेलं असलं तर फारच बरं. अशी दोन-दोन मिनिटं मी गोळा करत असते. पुढच्या सत्रात आठवीला पश्चिम आशिया आहे आणि माझ्या संग्रहात अजून कनाताच्या पुढे फारसं काही नाही.